पंचवीस पोती खरमाती ठेवायची कुठे?

कोल्हापूर शहराच्या घनकचरा आणि नगररचना विभागांचे अधिकारी, विभागीय कार्यालयांतले आरोग्य निरीक्षक, तसेच शहराला चिकटलेल्या गावांचे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

पाच फूट बाय सात फुटांची एक न्हाणी घ्या. पेठेतल्या कुठल्याही जुन्या घरातली चालेल. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स आणि खाली फरशी. दाराची जागा वजा केली तर सगळे मिळून सुमारे १८५ चौरस फूट भरतात. टाइल आणि तिच्यामागचा पाऊण इंचाचा माल असे चौरस फुटाला साडेपाच किलोच्या घरात निघते. म्हणजे एवढ्याशा न्हाणीतून जवळजवळ १ टन. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात ४० किलोच्या वर भरले तर बिगाऱ्याला जिन्यावरून उतरवता येत नाही, म्हणून पोती होतात २५. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बोळात रांगेने उभी असतात आणि गवंडी मालकाला विचारतो, "आता हे टाकायचं कुठं?"

घरदुरुस्तीतून आणि पाडकामातून निघणाऱ्या या खरमातीच्या प्रश्नाला शहरात सरळ उत्तर नाही, म्हणून हे पत्र.

सकाळी घरचा कचरा न्यायला येणारा टिपर ती पोती घेत नाही, आणि त्याने घेऊही नयेत. त्याची कारणे पुढे येतील. मग चौकातला ट्रॅक्टरवाला येतो, "बघतो की मी" म्हणतो आणि अंधार पडल्यावर ट्रॉली भरून नेतो. हे "बघतो की" संपते जयंती नाल्याच्या काठावर, रिंगरोडच्या कडेला किंवा कुणाच्या तरी सखल प्लॉटात. पैसे देणारा मालक, माल भरणारा गवंडी आणि नेणारा ट्रॅक्टरवाला, तिघांपैकी कुणाकडेही कागदाचा एक चिटोरा नसतो.

आम्ही गवंडीकाम, घरदुरुस्ती आणि कचरा-प्रक्रिया यांत रोज हात असलेली माणसे आहोत. खरमाती आमच्याच कामातून निघते, हे आधीच कबूल. तक्रार एवढीच की तिला नाव, जागा, दर आणि पावती या चार गोष्टी मिळत नाहीत. दंडाचा फलक मात्र मिळतो.

नियम कुणाला धरतो आणि कुणाला सोडतो

आपल्याकडे घरच्या कचऱ्याचे नियम वेगळे आणि बांधकामाच्या कचऱ्याचे वेगळे. २०१६ साली दोन्ही एकापाठोपाठ आले. बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे २९ मार्चला, घनकचऱ्याचे ८ एप्रिलला. आता दोन्ही बदलले आहेत. बांधकाम कचऱ्याचे २०२५ चे नियम आणि घनकचऱ्याचे २०२६ चे नियम यांच्या अंमलबजावणीची तारीख एकच, १ एप्रिल २०२६. घरच्या कचऱ्याचे आता चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. बांधकामाच्या बाजूला 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' आली आहे, म्हणजे बांधणाऱ्याने निघालेल्या कचऱ्याच्या पुनर्वापराचा हिशेब द्यायचा.

कागदावर हे चांगलेच आहे. पण ही विस्तारित जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांनाच लागू होते. २०,००० चौरस मीटर म्हणजे सव्वादोन लाख चौरस फुटांना थोडेसेच कमी. मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत एवढा प्रकल्प आणायचा तर दोन-चार गल्ल्या उचलून बाजूला ठेवाव्या लागतील. जुन्या नियमांतही कचऱ्याचा मोठा उत्पादक तोच, ज्याचा राडारोडा दिवसाला २० टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे ३०० टन यांपेक्षा जास्त. त्याने आधी आराखडा द्यायचा, काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा वेगळे ठेवायचे.

आता शहरातले नेहमीचे पाडकाम मोजून बघू. १,००० चौरस फूट बांधकामाचे पक्के घर म्हणजे ९३ चौरस मीटर. पक्क्या बांधकामाला चौरस मीटरमागे अर्धा टन हा पाडकामाचा रूढ अंदाज. हिशेब ४६ टनांवर येतो. जेसीबीने पाडून, भरून, जागा साफ करायला तीन दिवस लागतात. दिवसाला १५ टन, एकूण ४६. दोन्ही मर्यादांच्या खाली. सुट्या खरमातीचा एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, साधारण पावणेचार टन भरतो. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर १२ ट्रॉल्या. जुने सागवानी वासे, चौकटी, घडीव दगड आणि शाबूत कौले आधीच विकली गेलेली असतात, म्हणून थोडे कमी धरा. तरी दहाएक ट्रॉल्या कुठे तरी रित्या झाल्याच, आणि नियमाच्या नजरेत हा माणूस 'मोठा' नाहीच.

न्हाणीवाला तर त्याहून खाली. त्याचा १ टन बांधकामाच्या कायद्याला फार कमी आणि टिपरला फार जास्त. शहरात मोठे प्रकल्प थोडे आणि अशा न्हाण्या घरोघरी आहेत. मोठ्या प्रक्रिया प्रकल्पाच्या चर्चा होतात, त्या व्हाव्यातच. पण नाल्याच्या काठी जे पडलेले दिसते ते जाऊन बघा. त्यात कमोडचे तुकडे, किचन ओट्याचा काळा कडप्पा आणि अर्ध्या अर्ध्या टाइल्स असतात. हा मोठ्या बिल्डरचा नव्हे, तुमच्या-आमच्या घरांचा माल आहे.

एका पोत्यात काय काय असते

वर्गवारी कचरा कसा दिसतो यावरून करायची नसते. तो पुढे कुठे जाणार यावरून करायची असते. हे एकदा मान्य केले की बरेच घोळ सुटतात. घरदुरुस्तीचे एक पोते ओतून बघितले की कळते.

वर टाइल्सचे तुकडे आणि गिलावा. ही खरी खरमाती. फुटका कमोड आणि बेसिन हेही त्यातच. चिनीमाती म्हणून कुणी ते सुक्या कचऱ्यात टाकतात, पण भंगारवाला ते घेत नाही. फक्त सीटचे प्लास्टिक आणि नळाचे पितळ आधी काढायचे.

खाली पीओपीच्या छताचे पांढरे तुकडे. इथे बहुतेक जण चुकतात, कारण दिसायला तेही खरमातीच. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि त्यात सल्फेट असते. ते ओल्या कचऱ्याच्या ढिगात दडपले गेले की हवेवाचून जगणारे जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच वायू. बंद जागेत तो जिवावर बेततो. आणि तेच तुकडे काँक्रीटबरोबर क्रशरमध्ये गेले तर त्या खडीचे काँक्रीट पुढे सल्फेटने फुगते आणि तडकते. म्हणून पीओपी वेगळे, कोरडे आणि झाकून ठेवावे लागते.

मग रंगाचे डबे, थिनरच्या बाटल्या, वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे कॅन. हा विशेष काळजीचा कचरा. ट्यूबलाइट आणि सीएफएलही त्यातच, आणि न फोडता, कारण आत पारा असतो.

प्लायवूड आणि सनमायका लागलेली फळी हे लाकूड दिसते, म्हणून बिगारी ती अंघोळीच्या बंबात जाळायला घरी नेतात. तिच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असते. जुन्या ऑइलपेंटच्या चौकटीवर शिशाचा रंग असू शकतो. बंबाला साधे लाकूडच बरे. ही फळी ना ओला कचरा, ना जळण.

सिमेंटची रिकामी पोती विणलेल्या प्लास्टिकची असतात. झटकून, घडी घालून सुक्यात. वायर भंगारात जाते, पण तांबे काढायला ती जाळायची नाही. आरशाची आणि खिडकीची काच पुठ्ठ्यात गुंडाळून, वर 'काच' असे लिहून द्यायची. हे लिहिणे फुकट आहे आणि टिपरवरच्या माणसाचा हात त्याने वाचतो.

राहिला सिमेंटचा पत्रा. जुन्या गोठ्यांवर, न्हाण्यांवर आणि कारखान्यांच्या शेडवर दिसणारा करडा, नागमोडी. यात ॲस्बेस्टॉस असते. तो हातोड्याने फोडून पोत्यात भरतात, आणि ते फोडणेच सगळ्यांत घातक आहे, कारण सुटलेला तंतू डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसात गेला की निघत नाही. पत्र्यावर आधी पाणी मारायचे, बोल्ट कापायचा, अख्खा पत्रा खाली उतरवायचा, जाड प्लास्टिकात गुंडाळून त्यावर लिहायचे आणि तो घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा. शहरातल्या एका साध्या घरमालकाने दोन पत्रे त्या केंद्रापर्यंत नेमके कसे पोहोचवायचे, हे त्याला कुणी सांगत नाही.

एवढ्या वस्तू, आणि भिंतीवर रंगवलेल्या सूचनेत शब्द दोन: ओला आणि सुका. आता चार होतील. खरमाती, पीओपी, पत्रा, फळी यांना त्या चारांतही घर नाही. ज्या वस्तूला तक्त्यात नाव नाही ती रात्री जाते.

टिपरने खरमाती का घेऊ नये

लोकांना वाटते, टिपरवाला आडमुठा. तसे नाही. ओल्या कचऱ्यात खरमाती मिसळली की तीन जागी नुकसान होते. कचरा बारीक करणाऱ्या श्रेडरची पाती टाइलवर घासून बोथट होतात. खत गाळताना मोठे तुकडे चाळणीवर अडकतात, पण बारीक तुकडे अडकत नाहीत. शहरी कंपोस्टचा ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे असे खत नियंत्रण आदेशाचे मानक आहे, आणि टाइलची व काचेची कपची ४ मिलिमीटरपेक्षा लहानही असते. ती खतातून जाते शेतकऱ्याच्या हाताला. एकदा हात कापला की तो शहराचे खत पुन्हा उचलत नाही.

सुक्या कचऱ्यात माती गेली तरी तेच. ज्या प्लास्टिक-कापडाचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याचे उष्मांक मूल्य किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त आहे ते भूभरावात (कचरा गाडायच्या जागेत) न टाकता इंधन म्हणून वापरावे, असे २०१६ चे नियमच सांगत होते. सिमेंटच्या भट्टीला हे इंधन लागते, पण मातीने माखलेले नको असते. माती म्हणजे राख, राख म्हणजे उष्मांक कमी, आणि मग भट्टीवाला गाडी परत पाठवतो.

तिसरे नुकसान वजनकाट्यावर होते. ओल्या कचऱ्याच्या दुपटीहून जास्त वजन तेवढ्याच जागेत खरमातीचे भरते. जिथे वाहतुकीचे बिल टनावर निघते, तिथे कचऱ्यात चार दगड असण्याची कुणाला घाई असते आणि ते बाहेर काढण्याची कुणाला नसते, हे वेगळे सांगायला नको.

(जाता जाता. रविवारच्या ओल्या कचऱ्यात कोल्हापुरात हाडे असणारच. ती ओल्यातच जातात, पण घरच्या खतकुंडीत नकोत, कुत्री उकरतात. आणि निर्माल्य ओल्यात तेव्हाच, जेव्हा हाराचा दोरा, जर आणि प्लास्टिकचे फूल काढलेले असते. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून, वेगळे. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत. कारण सुक्या कचऱ्याची निवड अजून माणसे हातानेच करतात.)

भराव नावाचा पळवाटेचा रस्ता

खरमाती नेणाऱ्याला गिऱ्हाईक दोन्हीकडून मिळते. एकाला ती घालवायची असते, दुसऱ्याला सखल प्लॉट उचलायचा असतो. यात वाईट काही नाही. चाळलेली खरमाती चांगला भराव होते. वाईट आहे ते कुठे आणि कशाचा.

कुठे ते आधी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे आपण शिकलो होतो. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा बुडालेल्या घरांना ही व्याख्या समजावणे अवघड आहे. एक ब्रास भराव म्हणजे २,८३० लिटर पाण्याची जागा गेली. एका घराच्या १२ ट्रॉल्या म्हणजे ३४,००० लिटर. एका घराने पूर येत नाही, हे आम्हालाही कळते. पण ट्रॅक्टरला सर्वांत जवळची फुकटची जागा म्हणजे नाल्याचा काठ, आणि नाल्याचे तोंड अरुंद व्हायला फार ट्रॉल्या लागत नाहीत. पाणी मग गल्लीत शिरते.

कशाचा, हा दुसरा प्रश्न. भरावात खरमातीबरोबर फौंड्रीची जळकी काळी वाळूही येते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हा आपला फौंड्रीचा पट्टा, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण साच्याच्या वाळूत रेझिन आणि बाइंडर, म्हणजे वाळू चिकटवणारी द्रव्ये, असतात. ती कारखान्याचा कचरा आहे, बांधकामाचा नाही, आणि तिची विल्हेवाट कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्राप्रमाणे व्हायची असते. ट्रॉलीत ती खरमातीखाली गेली की ओळखू येत नाही. रंग काळा, चिमटीत बारीक आणि एकसारखी, जळका वास. एवढे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. भराव टाकताना जागेवर कुणीतरी उभे असावे लागते.

गावांच्या सरपंचांना इथे विशेष विनंती. शहरात दंड वाढला की ट्रॅक्टर तुमच्या हद्दीत वळतो. हद्दीचा दगड ओलांडला की शहराचा निरीक्षक थांबतो आणि गावाकडे निरीक्षकच नसतो. गायरान, ओढा आणि खणीची जुनी खड्डेवजा जागा यांचे आयुष्य या एका गोष्टीवर ठरते.

सरकारी कामाची खरमाती

नागरिकाला पावती दाखवा म्हणण्याआधी सार्वजनिक कामांकडेही बघावे लागेल. पाइपलाइनसाठी रस्ता खणला की डांबराचे खवले, खडी आणि खालची माती एकाच ढिगात येतात. डांबराचा थर आधी वेगळा उचलला तर तो पुन्हा रस्त्यात वापरता येतो. मातीत मिसळला की तो नुसता कचरा. पावसाळ्यापूर्वी गटारीचा गाळ काढून काठावर ठेवतात. तो निथळायला दोन दिवस पुरतात, चौथ्या दिवशी वळीव आला की गाळ जिथून आला तिथेच परत. काढल्याचे बिल एकदा, काढणे दोनदा.

आणि मागणीची बाजू. २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांनीच महापालिका व सरकारी कंत्राटांत अशा कचऱ्यापासून बनलेला माल काही टक्के, साधारण १० ते २०, घेणे बंधनकारक करावे असे म्हटले होते. तांत्रिक अडचण नाही. खडी-वाळूचे भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ या मजबुतीच्या दर्जापर्यंतच्या आरसीसीत (सळ्यांच्या काँक्रीटमध्ये) २० टक्के आणि एम-१५ पेक्षा कमी दर्जाच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. विटा-गिलावा मिसळलेली खडी फक्त लीनमध्ये. म्हणजे फुटपाथखालचा थर, गटारीचा बेड, पेव्हिंग ब्लॉकच्या खालचा भराव. ही कामे दर वर्षी निघतातच. निविदेत एक ओळ घातली की खडीला गिऱ्हाईक तयार. गिऱ्हाईक नसेल तर क्रशर आणून तो गंजेल, आणि मग 'प्रकल्प फसला' अशी बातमी येईल.

पाडतानाचा क्रमही त्यासाठीच महत्त्वाचा. आधी वायरिंग आणि काच, मग दारे-खिडक्या, कौले किंवा पत्रा, मग पीओपी, मग विटांच्या भिंती आणि शेवटी आरसीसी. जुन्या वाड्यांची चुन्यातली वीट टकटक मारली की साफ सुटते आणि पुन्हा विकली जाते. सिमेंटच्या मालातली वीट सुटताना फुटते. पांढऱ्या मातीच्या भिंतीची माती वेगळी ठेवली तर तिला घेणारा मिळतो. जेसीबीने एका दिवसात सगळे कालवले की यातले काहीच उरत नाही. वेळ वाचतो आणि ट्रॉल्या वाढतात.

पुरानंतरची खरमाती

हा मुद्दा कोल्हापूरसाठी सगळ्यांत जड आहे. २०२५ चे बांधकाम कचरा नियम नैसर्गिक आपत्तीतून निघालेल्या कचऱ्याला लागूच नाहीत. म्हणजे पुरात भिंत पडली तर तिच्या विटांना केंद्राचा हा नियम विचारणार नाही. त्या वेळी जे काही करायचे ते स्थानिक संस्थेनेच ठरवायचे, आणि पाणी ओसरायला लागल्यावर ठरवायला वेळ नसतो.

पूर ओसरल्यावर दारात एकच ढीग होतो. भिजलेली गादी, फुगलेले कपाट, कुजणारे धान्य, फ्रिज, शेतीचे औषध, गिलावा, गाळ. धान्य दोन-तीन दिवसांत आंबते आणि त्या वासामुळे बाकीचा ढीगही कुणी वेगळा करत नाही. म्हणून पहिल्या दिवशी फक्त धान्य आणि अन्न उचलायचे. दुसऱ्या फेरीला औषधे, रसायने, बॅटऱ्या. मग गाद्या व लाकूड. खरमाती आणि गाळ शेवटी, ते कुजत नाहीत. हा क्रम आणि ठेवायच्या जागा मे महिन्यातच ठरलेल्या हव्यात, आणि त्या जागा लाल रेषेच्या बाहेर हव्यात. पुराचा कचरा पूररेषेत टाकला तर पुढच्या वर्षी तोच परत दारात येतो.

आमच्या मागण्या

१. ओला-सुका-सॅनिटरी-विशेष या चारांसोबत खरमाती हा पाचवा रकाना असलेला वस्तुवार मराठी तक्ता काढा. किमान ६० वस्तू. पीओपी, प्लायवूड, कमोड, सिमेंटचा पत्रा, रंगाचा डबा यांची नावे त्यात हवीतच. तो टिपरवर चिकटवा, पण त्याआधी टाइल्स, रंग आणि हार्डवेअरच्या दुकानांत लावा. दुरुस्ती तिथून सुरू होते.

२. चारही विभागीय कार्यालयांच्या हद्दीत प्रत्येकी किमान एक खरमाती संकलन जागा द्या. फार काही लागत नाही. काँक्रीटची जमीन, तीन बाजूंनी तीन फुटी भिंत घातलेले चार कप्पे: काँक्रीट-टाइल, विटा-गिलावा, माती, आणि छप्पर असलेला पीओपीचा. एक ५०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा आणि एक माणूस, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. छोटा हत्ती पाऊण टन नेतो, म्हणजे न्हाणीच्या २५ पोत्यांना दोन खेपा. जागा तीन-चार किलोमीटरच्या आत असेल तर लोक येतात, दहा किलोमीटरवर असेल तर नाला जिंकतो.

३. दर घराला वर्षाला १ टन मोफत, पुढे वजनावर दर. दर नाल्यात टाकण्याच्या खर्चापेक्षा फार जास्त ठेवू नका. महसूल हा या जागेचा हेतू नाही.

४. प्रत्येक खेपेला वजनाची पावती, ट्रॅक्टरच्या नंबरासह. पाडकामाची आणि बांधकामाची परवानगी देताना पक्क्या घराला चौरस मीटरमागे अर्धा टन आणि कच्च्या, कौलारू घराला ०.३ टन धरून अनामत घ्या. विकलेल्या मालाची बिले आणि खरमातीच्या पावत्या यांची बेरीज जुळली की अनामत परत. भोगवटा प्रमाणपत्राच्या फाइलला ही बेरीज जोडा. रात्री पाळत ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडते, कारण अनामत परत हवी असलेला मालक स्वतःच ट्रॅक्टरमागे जातो.

५. निळ्या व लाल रेषेतला, नाल्याकाठचा आणि ओढ्याकाठचा भराव परवानगीशिवाय बंद. इतरत्र भराव हवा असलेल्या जागांची नोंदणी करा आणि चाळलेली खरमाती तिथेच पाठवा. फौंड्रीची वाळू आढळली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा.

६. सिमेंटच्या पत्र्यांसाठी वर्षातून दोन संकलन दिवस ठेवा, दिवाळीनंतर एक आणि मे महिन्यात एक. पत्रा अख्खा आणि गुंडाळूनच आणायला सांगायचे. फोडून आणला तरी परत पाठवायचा नाही, वेगळा ठेवून काय चुकले ते सांगायचे.

७. सार्वजनिक कामांच्या निविदेत डांबराचा थर वेगळा उचलणे, गाळ ४८ तासांत हलवणे आणि पुनर्वापराची खडी किमान १० टक्के वापरणे या तीन अटी घाला.

८. शहर आणि लगतची गावे यांचा दर, पावती आणि ट्रॅक्टरची नोंद एकच असू द्या. नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणातल्या गावांची एक संयुक्त बैठक घेऊन हे होऊ शकते.

९. पुराच्या कचऱ्याच्या तात्पुरत्या जागा आणि उचलण्याचा क्रम दर वर्षी ३१ मेपूर्वी प्रभागवार जाहीर करा.

यातल्या पहिल्या मागणीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणून तिथून सुरुवात करावी. तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तक्ता करायला बसणार असाल तर बोलवा. टाइल, पीओपी, कडप्पा, सनमायका आणि काळी वाळू यांचे नमुने घेऊन येतो. पत्र्याचा नमुना मात्र आणणार नाही, त्याचा फोटो चालेल.

आपले,
कोल्हापुरातील गवंडी, घरदुरुस्ती आणि कचरा-प्रक्रियेच्या कामातील काही नागरिक